जमीन भिंतीवरून खाली उतरली

पनवेलला मी कशासाठी गेलो होतो हे फलटणला परतल्यापासून निदान पंचवीस जणांना सांगून झालं आहे. प्रत्येकाचं म्हणणं एकच: "चित्रं बघायला? आणि तीही पनवेलला?" आमच्या हेडमास्तरांनी तर रजेच्या अर्जावर सही करताना चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर्ग सोडून सिनेमाला निघालो आहे असं मलाच वाटायला लागलं. म्हणून एकदाचं सगळं लिहूनच काढतो. यापुढं जो विचारील त्याच्या हातात ही वही ठेवायची आणि आपण निवांत चहा प्यायचा.

मी भूगोल शिकवतो. भारताचा नकाशा मला फळ्याकडे न बघता काढता येतो, हा माझा जुना तोरा आहे. पण जमिनीपासून सर्वांत उंच मी गेलो तो शाळेच्या गच्चीवर, तोही गळती कुठून होते ते बघायला. शालोम कोनकरचं तसं नाही. आम्ही दोघं पुण्याला एका खोलीत राहून शिकलो. मी मास्तर झालो. तो नकाशे करणाऱ्या सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन झाला आणि पुढं विमानातून जमिनीचे फोटो घेणाऱ्या तुकडीत गेला. शालोम कोकणातला ज्यू, म्हणजे बेने इस्राएल. मराठी माझ्याहून शुद्ध, आणि अक्षर इतकं सुंदर की त्याचं कार्ड पोस्टमन आधी स्वतः वाचत असणार अशी माझी खात्री आहे. या वेळच्या कार्डात लिहिलं होतं: "सदा, विमानातून पाहिलेल्या आमच्या पनवेलच्या खाडीची चौदा चित्रं केली आहेत. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मांडतो आहे. पुढच्या महिन्यात आम्ही इस्रायलला कायमचे जातो. तू ये."

शेवटची दोन वाक्यं त्यानं अगदी खेटून लिहिली होती. रजा मागणं भागच होतं.

शनिवार

बोरघाटाचं वर्णन मी करणार नाही. सगळा घाटभर शेजारच्या बाईंच्या पिशवीतली कोंबडी माझ्या मांडीवर बसली होती आणि मी खिडकीऐवजी तिच्याकडेच बघत होतो. पनवेलला उतरलो तर जानेवारी महिना असून सदरा पाठीला चिकटला. आमच्याकडे या दिवसांत शाल गुंडाळून शेकोटीला बसतात. इथं हवेला मिठाचा आणि सुक्या मासळीचा वास. टांगेवाला वाटेत सांगत होता की आता पनवेलला रेल्वे येणार. कधी, असं विचारल्यावर त्यानं घोड्याला चाबूक दाखवला आणि विषय बदलला.

शालोम दारातच उभा होता. पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर टोपी, नुकताच प्रार्थनेहून आलेला. मला मिठी मारली आणि मग तो नुसताच उभा राहिला. त्याला असं रिकाम्या हातानं मी क्वचितच पाहिलं असेल. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शनिवार! शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ही मंडळी कामाला हात लावत नाहीत. पुण्याला असतानासुद्धा शनिवारी आमची चूल मीच पेटवायचो.

अडचण अशी होती की चित्रं हॉलमध्ये नेऊन ठेवलेली होती, पण हॉल शनिवार दुपारीच मोकळा होणार होता, अंधार पडायच्या आत त्याला कुलूप लागायचं होतं आणि रविवारी सकाळी आठाला लोक यायचे होते.

"मी टांगतो की," मी म्हणालो.

"मी हो म्हणू शकत नाही," शालोम म्हणाला. शनिवारी दुसऱ्याला काम सांगणंही त्यांना चालत नाही.

"मग नाही म्हणतोस?"

"तेही म्हणत नाही."

"भाऊजी, तुम्ही आधी जेवून घ्या," आतून त्याची बायको, हन्नावहिनी म्हणाल्या. "टांगायचं की नाही ते नंतर देवाला आणि तुम्हाला ठरवू दे."

जेवायला जिताडा होता. खाडीतला हा मासा नारळाच्या रसात शिजवून त्यांनी शुक्रवारीच करून ठेवला होता आणि तो मुरून असा झाला होता की मी बोलणंच बंद केलं. सोबत तांदळाची भाकरी. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं ही अगदीच नाजूक. चार खाल्ल्या तरी पोटाला पत्ता नाही. कोळंबी त्यांच्याकडे होत नाही. खवले आणि पर असलेलाच मासा त्यांना चालतो, हे वहिनींनी सांगितलं, आणि ते नीट ऐकण्याच्या नादात माझ्या घशात काटा अडकला. वहिनींनी भाताचा मोठा गोळा हातात दिला. "चावू नका, गिळा." मी गिळला. काटा गेला, पण डोळ्यांतून पाणी आलं ते चांगलं पाच मिनिटं. शालोम म्हणाला, "जगातल्या सगळ्या नद्या पाठ आहेत याला, आणि मासा खाता येत नाही."

जेवणानंतर ओटीवर बसलो तेव्हा तो जरा गंभीर झाला.

"सदा, उद्या लोक येतील, रंग छान आहेत म्हणतील. ते मला नको आहे. खाडीवरच्या एका तरी माणसानं चित्रावर बोट ठेवून म्हणायला पाहिजे की हे माझं शेत. म्हणजे मी वरून जे बघितलं ते खरं होतं."

"फोटो होते ना तुमच्याकडे?"

"फोटो सरकारचे. डोळे माझे. ही सगळी आठवणीतून काढली आहेत." त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "कुणालाच काही ओळखू आलं नाही तर मी इतकी वर्षं नुसता ढगात होतो असं समजायचं. मग ती चित्रं तिकडे नेऊन तरी काय करू? टाकीन कुणाच्या तरी माळ्यावर."

हे त्यानं हसत हसत सांगितलं, पण त्याचं हसणं मी ओळखतो. मी तडक शाळेत गेलो.

आता माझा पराक्रम सांगतो. चित्रं जाड पुठ्ठ्यावर डकवलेली होती, एकेक चांगलं हातभर रुंद. शाळेचा शिपाई शंकर हातोडी घेऊन तयार होता. पहिलं चित्र उचललं आणि मी गारच झालो. हिरवे, तपकिरी, राखी तुकडे, मधून वळत गेलेली रुपेरी खाडी, कडेला पांढऱ्या चौकटीच चौकटी. प्रत्येक चित्रामागं एका कडेला निळ्या पेन्सिलीनं बारीक बाण होता. "साहेबांनी वरची बाजू दाखवलेली दिसते," शंकर म्हणाला. मी तपासून पाहिलं. बाण कुठं पूर्वेकडे होता, कुठं दक्षिणेकडे. माझ्यातला मास्तर खवळला. नकाशात उत्तर वर असते! पोरांना मी यावरून छड्या मारल्या आहेत. शालोम आज बोलू शकत नाही, तर त्याची चूक आपण गुपचूप सुधारावी, अशा उदात्त विचारानं मी खिशातलं होकायंत्र काढलं, खाडीचं तोंड कुठं, डोंगर कुठं याचा हिशेब केला आणि चौदाच्या चौदा चित्रं उत्तर वर करून टांगली. शंकर मी सांगेन तिथं खिळे ठोकत गेला. शिपाई लोक फार शहाणे असतात.

रविवार

सकाळी शालोम हॉलच्या दारात आला, त्यानं एक नजर चारी भिंतींवर फिरवली आणि तो मटकन बाकावर बसला.

"सदा, हे काय केलंस?"

"उत्तर वर घेतली," मी अभिमानानं म्हणालो.

तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. विमानात ज्या खिडकीशी तो बसायचा तिथून जे पुढं दिसायचं ते त्यानं वर घेतलं होतं. माझ्या हिशेबानं टांगल्यावर काही चित्रं आडवी झाली होती, काही पार उलटी. दोन तर उत्तरेच्या हिशेबानंही चुकली होती, कारण त्यातल्या पांढऱ्या चौकटींना मी पनवेल शहर समजलो होतो. ती मिठागरं निघाली.

पुन्हा टांगायला वेळ कुठला? लोक यायला लागले होते. एक वकीलसाहेब कोट घालून आले, प्रत्येक चित्रापुढं हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "वा! मॉडर्न आर्ट! कलरसेन्स उत्तम आहे बरं का कोनकर." शालोमनं हात जोडले. शाळेतल्या बाई आल्या, डॉक्टर आले. रंग सगळ्यांनाच आवडले. मी मात्र प्रत्येक "छान"बरोबर शालोमकडे चोरून बघत होतो. दहाच्या सुमारास बाजाराला आलेली खाडीवरची माणसं दाराशी जमली. शालोमनं निरोप धाडला होता. शेतकरी होते, मिठागरावर राबणारे होते, चार कोळी होते. ती आत येऊन भिंतीपासून लांब उभी राहिली. कुणी बोट ठेवलं नाही. एकानं शंकरला हळूच विचारलं, "लुगड्याचं नमुनं हाईत काय?"

शालोमनं ते ऐकलं. तो खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. वीस वर्षांच्या मैत्रीची मी उत्तर दिशेपायी माती केली होती.

तेवढ्यात शालोमच्या खाडीकाठच्या मूळ गावच्या मंजुळाबाई कोळीण आल्या. मासळी विकून झाली होती, रिकामी टोपली काखेत. कपाळावर मोठं कुंकू, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. त्यांनी एका चित्रापुढं मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे, मग इतकी खाली की मला वाटलं आता पडतात.

"तू शनवार तेल्याचा शालोम ना?" त्यांनी खिडकीकडे बघून विचारलं. बेने इस्राएल लोकांचा जुना धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. "ह्ये तू वरून बगितलंय ना?"

"हो, मावशी. विमानातून."

"मंग भितीवर कशाला लावलंस? जिमीन कंदी उभी ऱ्हाते काय? खाली ठेव ना ती!"

मग शालोम खिडकीपासून वळला. त्यानं पहिलं चित्र खिळ्यावरून काढून जमिनीवर ठेवलं. मी दुसरं काढलं. शंकर म्हणाला, "अहो, पाय लागतील लोकांचे!" पण मी दाराकडे पाहिलं तर सगळ्यांनी आपापल्या वहाणा बाहेर काढून ठेवल्या होत्या. मंजुळाबाई खाली वाकल्या, चित्राच्या कडेला फरशीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. सकाळी शेतात पहिलं पाऊल टाकताना लावतात तसाच.

आणि मग जे झालं ते बघायला हेडमास्तरांना मी खरोखर बरोबर न्यायला हवं होतं.

जमिनीवर उत्तर नाही आणि दक्षिण नाही. ज्याला जिकडून घरी जायची सवय तिकडून तो चित्राभोवती फिरला आणि उकिडवा बसला. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ एका हिरव्या तुकड्याकडे बघत होते. मग त्यांनी बोट टेकवलं. "ही आमची उघाडी." भरतीचं खारं पाणी अडवायला शेतांभोवती मोठा बांध असतो, आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायला त्यात एक दार, ती उघाडी. "आन् ह्ये माजं शेत. बगा, हितं बांधाला वाकण हाय. माज्या बापानं घातली ती."

शालोम त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला होता. "हे तुमचं शेत?"

"मंग कुनाचं?"

शालोमनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला लिहिता येत नाही. मला एवढंच कळलं की मी मोठ्यानं हसत होतो आणि शंकरच्या पाठीवर थाप मारत होतो.

त्यानंतर नुसता गलका. "ह्यो आमचा मळा!" "अरं, ह्ये तुजं नाय, तुजं पल्याड!" मिठागरवाल्यांनी चौकटी मोजून कुणाचं आगर कोणतं ते सांगितलं. वकीलसाहेब कोटासकट बाकावर चढले आणि वरून बघून ओरडले, "अहो, हा तर आमच्या घराचा माड!" कोळ्यांनी तर चित्रं उचलून हलवायलाच सुरुवात केली. खाडी तुटून चालत नाही, म्हणून त्यांनी एका चित्रातल्या खाडीचं टोक दुसऱ्यातल्या टोकाला लावलं. बांधाला बांध जुळला, वाटेला वाट. अर्ध्या तासात हॉलभर पनवेलची खाडी पसरली, आणि तिच्या मधोमध एका चित्राएवढी जागा रिकामी राहिली.

"हितलं कुठं गेलं?" मंजुळाबाईंनी विचारलं. "ह्यो तर तुजाच गाव, शालोम!"

शालोम ओशाळला. "मावशी, तेवढं मला काढताच आलं नाही. तिथं विमान आलं की मी सगळं सोडून आमचं घर शोधायचो. ते सापडेपर्यंत विमान पुढं निघून जायचं. इतक्या वेळा गेलो, पण ते गाव काही मी पाहिलं नाही."

लोक हसले. तोही हसला. माझ्या खिशात नेहमीप्रमाणे खडू होते; मास्तराच्या खिशात दुसरं काय असणार? मी ते सगळे काढले आणि म्हणालो, "मग तुम्हीच काढा."

आधी कुणी घेईना. मग त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी एक घेतला आणि फरशीवर बांधाची रेघ ओढली. कुणी विहीर काढली, कुणी देवळाचा पार, कुणी होड्या लावायची जागा. भांडणंही झाली, चिंच विहिरीच्या अलीकडे की पलीकडे यावर दोघं सख्खे भाऊ एकमेकांवर चिडले. मंजुळाबाईंनी एक गोल काढला. "ह्यो तुज्या बापाचा घाना. बैल ह्या अंगानं फिरायचा." मग चिंचेच्या पुढं, बांधावर, त्यांनी खडूचा एक ठिपका दिला.

"हे काय?" शालोमनं विचारलं.

"ही तुजी आय."

शालोमची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"कंचं बी इमान आलं का हातातलं टाकून हितं येऊन उभी ऱ्हायाची," मंजुळाबाई म्हणाल्या. "दोनी हात हालवायची. आमी म्हनायचो, अगो, त्यात तुजा पोर नाय. तर म्हनायची, नसंल तर नसंल. असला तर?"

शालोम फरशीवर बसला. आपण घर शोधत होतो आणि ती घरात नव्हतीच, बांधावर उघड्यावर उभी होती, हे त्याच्या लक्षात आलं असणार. तो रडला. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही. मंजुळाबाई त्याच्या डोक्यावरून मासळीच्या वासाचा हात फिरवत म्हणाल्या, "रडतोस काय? तिनं सगलीच इमानं बगितली. तुजं त्यात आलंच."

हन्नावहिनींनी घरून कागद आणि रंग आणवले. शालोम तिथंच फरशीवर पालथा पडून पंधरावं चित्र काढायला लागला, आणि खाडीवरची सगळी मंडळी त्याच्या डोक्यावर उभी राहून हुकूम सोडत होती: "चिच जरा हिकरं घे!" "घाना ल्हान झाला, मोठा कर!" सरकारी खात्यातल्या कुठल्या साहेबाला त्यानं इतकं ऐकून घेतलं नसेल. ऊन उतरलं तेव्हा चित्र झालं होतं, बांधावरच्या त्या ठिपक्यासकट.

संध्याकाळी त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी आम्हाला आपल्या शेतात नेलं आणि पोपटी खाऊ घातली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असं सगळं मडक्यात भरायचं, भांबुर्डीचा रानटी वासाचा पाला कोंबायचा, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. आमच्या हुरड्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. बोटं पोळत, शेंगा सोलत, ज्या बांधावर सकाळी बोट टेकलं होतं त्याच बांधावर बसून आम्ही सूर्य खाडीत बुडताना पाहिला.

सोमवार

सकाळी शालोमकडे मलिदा होता. कुठलंही मोठं काम पार पडलं किंवा लांबचा प्रवास असला की ही मंडळी पोहे, गूळ, नारळ, वेलची कालवून, भोवती फळं मांडून एलियाहू पैगंबरांचं स्मरण करतात. हे पैगंबर रथात बसून आकाशात गेले, आणि ते कोकणातूनच गेले, अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर रथाची खूण आहे, असं वहिनींनी मला सांगितलं.

"म्हणजे कोकण वरून पाहणारे पहिले तेच," मी म्हणालो.

"आणि उत्तर कुठं आहे ते त्यांनी विचारलं नव्हतं," शालोम म्हणाला. हा टोमणा मला जन्मभर पुरणार आहे.

चौदा चित्रं त्यानं ज्यांची शेतं त्यांना देऊन टाकली. बरोबर नेलं ते फक्त पंधरावं.

हे इतकं लिहून वही मिटणार तोच परवा त्याचं पहिलं पत्र आलं. खोली लहान आहे, वाळू फार आहे, वहिनींना तांदूळ मनासारखा मिळत नाही. आणि खाली, त्याच सुंदर अक्षरात: "चित्र भिंतीवर लावलेलं नाही. जमिनीवर ठेवलं आहे, वर काच घातली आहे. नवे शेजारी दारातूनच विचारतात, हे कसलं चित्र? मी म्हणतो, आधी बूट काढा, मग आत या आणि वरून बघा. आई हात हलवते आहे."